तीन नंबरच्या वाटेवरची जोडी

सोमवार, ६ ऑक्टोबर

प्रिय बायको,

सुखरूप पोचलो. जेवलो. गोळी घेतली. पायमोजे कोरडे आहेत. तू विचारणार होतीस त्या चारही प्रश्नांची उत्तरं झाली, आता मला जरा मोकळेपणाने लिहू दे. प्लास्टरच्या आत खाज सुटली तरी विणायची सुई घालू नकोस. लेकीला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगून आलोय, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे.

बस शेवटच्या थांब्यावर सोडते, तिथून पुढे जीप. जीप चालवणारा आणि या बकऱ्या मोजायच्या कॅम्पचा स्वयंपाकी हा एकच माणूस, त्यामुळे त्याच्या हातांना डिझेल आणि कांदा असा दोन्हींचा वास येतो. दुसऱ्या वळणानंतर फोन मेला. जीप सोमवारी आणि गुरुवारी सामानासाठी खाली जाते, तेव्हाच पत्रं जातात. बावीस वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, कारण तू कायम शेजारच्या खोलीत असायचीस. गेल्या तीन वर्षांतले हे दरवर्षीचे दहा-बारा दिवस सोडले तर. पण तेव्हा तुला माझ्या पत्रांची काही अडचण नव्हती.

जीपमधून उतरलो तर सात-आठ अनोळखी माणसं हसत पुढे आली आणि माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या जीपमध्ये बघायला लागली. "दुर्बीण कुठेय?" एकीने विचारलं. मला वाटलं सामान विचारतेय. म्हटलं, "बॅगेत आहे." सगळे खो खो हसले. मग कळलं की दुर्बीण म्हणजे तू. मी चष्म्याचं दुकान चालवतो, माझ्या घरात दुर्बीण आहे हे मला डोंगरावर येऊन परक्या लोकांकडून कळावं!

तुझा पाय मोडल्याचं सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे असे पडले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. सुट्टी काढून आलेल्या दोन नर्स आहेत, त्यातल्या धाकटीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. निवृत्त बस कंडक्टर म्हणाला, "असू दे, तुम्ही आलात हेही ठीक." 'हेही ठीक' म्हणजे काय असतं गं? संशोधन करणाऱ्या प्रमुखबाई तेवढ्या नीट बोलल्या. तुझ्या जागी कुणी आलं नसतं तर तीन नंबरची वाट यंदा चालली गेली नसती आणि सलग नोंदीत भगदाड पडलं असतं म्हणाल्या. तू मला ढकलून पाठवलंस ते त्याचसाठी, हे मला माहीत आहे. तुझा जीव त्या वाटेत अडकलाय. माझा कशात अडकलाय हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही.

त्यांनी कामाची रीत समजावली. एका वाटेवर दोघं. एक पुढे, दुसरा पन्नास पावलं मागे. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. समोरच्या उतारावर जी रानबकरी ज्याला दिसेल ती त्याने आपापल्या कागदावर मांडायची. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. एकाला दिसल्या पण दुसऱ्याच्या नजरेतून सुटल्या अशा किती, त्यावरून बाई दोघांनाही न दिसलेल्या किती असतील याचा अंदाज काढतात. मला पटलं. पण दोघांनी खरंच वेगवेगळं बघायला हवं, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

जेवणघराच्या भिंतीवर फळा आहे. कुठल्या जोडीचे कागद किती जुळले, ते वर्षावार लिहिलंय. कुणाचे शंभरात साठ, कुणाचे सत्तर. तीन नंबरची वाट: शंभरात सत्त्याण्णव. सलग तीन वर्षं. बाईंनी त्याखाली कौतुकाने रेघ मारलीये. मी तो आकडा बराच वेळ बघत उभा होतो. आपलं दोघांचं बैठकीच्या पडद्याच्या रंगावरसुद्धा जुळलं नव्हतं.

आता त्याच्याबद्दल. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहितो. पहिल्या वर्षी तू 'जोडीदार' म्हणालीस तेव्हा मी समजलो की एखादी बाई असेल. दुसऱ्या वर्षी "तो म्हणाला" असं तुझ्या तोंडून निसटलं आणि भाजी परतता परतता तू गुणगुणायला लागलीस. तर तो इथे आहे. सगळे त्याला रेडिओ म्हणतात, कारण आयुष्यभर त्याने रेडिओ दुरुस्त केले. साठीला टेकलाय, पण उंच आहे, आवाज खर्जातला आहे आणि डोक्यावर केस आहेत. सगळे. हे तू सांगितलं नव्हतंस.

दुर्बीण आणि रेडिओ. दुकानाचं नाव वाटतं.

मी काही बघायला वगैरे आलेलो नाही. तू म्हणालीस म्हणून आलो. उद्यापासून वाट सुरू.

आणि हो, तू बॅगेत घातलेली काठी मी निघताना दारामागेच ठेवली. रागावू नकोस. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

तुझा,
हेही ठीक असलेला नवरा


गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय दुर्बीणबाई,

आज सकाळी वर येणाऱ्या कुणाबरोबर तरी तू धाडलेली चिठ्ठी मिळाली. एकूण चार ओळी. एक प्लास्टरबद्दल, एक लेकीच्या हातच्या आमटीबद्दल आणि दोन त्याच्याबद्दल. "त्यांना उतारावर पुढे ठेवू नकोस. ओढा ओलांडताना आवाज देत जा." माझ्याबद्दल शून्य. मी ओढ्यात वाहून गेलो तरी चालेल, रेडिओ भिजता कामा नये!

रागावून लिहितोय असं वाटेल. रागावलेलाच आहे. अंगाचा तिळपापड झालाय म्हण ना.

तीन दिवस वाट चाललो. सकाळी सहाला निघायचं, कड्याच्या कडेने चार तास. पहिल्या दिवशी मी तेवीस मांडल्या. दोन पिल्लं होती, एकमेकांना ढुशा देत दगडावरून घसरत होती. तू इतकी वर्षं हे बघून येत होतीस आणि घरी आल्यावर "बकऱ्या होत्या" एवढंच सांगायचीस. मी तरी कधी दुसरा प्रश्न विचारला?

संध्याकाळी कागद शेजारी ठेवले. माझ्या तेवीस, त्याच्या चार. कंडक्टर म्हणाला, "दुकानदाराचा आकडा आहे, थोडी घासाघीस करा." सगळे हसले. म्हणजे फुगवणारा मी! दुसऱ्या दिवशी एकोणीस आणि तीन. फळ्यावर यंदाच्या रकान्यात आपल्या वाटेपुढे लिहिलंय: सतरा. सत्त्याण्णवावरून सतरावर आणली मी तुझी वाट. नर्सबाई माझ्या ताटात जास्तीचा भात वाढायला लागल्यात, आजारी माणसाला वाढतात तसा.

तो मात्र काही बोलत नाही. फक्त पहिल्या दिवशी निघताना विचारलं, "तुम्ही काठी घेत नाही?" म्हटलं, नाही. "त्या घ्यायच्या," म्हणाला, आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. घरी तू जिन्याच्या कठड्यालासुद्धा हात लावत नाहीस, आणि इथे काठी? मला वाटलं, इथली तू कुणी वेगळीच आहेस, काठी टेकत चालणारी, गुणगुणणारी, आणि ती माझ्या वाट्याला कधी आलीच नाही.

आणि तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. बोलताना माझ्या कानाकडे बघतो. मला वाटलं, सापडला! मनात पाप असल्याशिवाय माणूस असा नजर चुकवत नाही. दोन दिवस मी त्याच्या नजरेसमोर मुद्दाम येऊन उभा राहत होतो, आणि तो पठ्ठ्या दर वेळी मान किंचित वळवून माझ्या कानाशी गप्पा मारत होता.

काल दुपारी बाई झोपल्या असताना जुन्या कागदांची फाइल काढली. काढायला नको होती, मान्य. दर दिवसाचे दोन कागद, एक तुझा, एक त्याचा. आणि दोन्ही तुझ्या अक्षरात. तुझा तो पोट फुगलेला 'ळ' मी आंधळा झालो तरी ओळखेन. कंडक्टर म्हणाला, "त्याचं अक्षर लागत नाही, दुर्बीणच रोज उतरवून द्यायची." माझ्या दुकानाची पाटी रंगवायची होती तेव्हा मजकूर लिहून दे म्हणून तुझ्यामागे महिनाभर लागलो होतो मी.

मग चहा आला. स्वयंपाक्याने कप त्याच्यासमोर ठेवला. त्याने हात पुढे केला तो कपाच्या शेजारी, मग बोटांनी टेबल चाचपत कपाच्या कानापर्यंत आला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीस वर्षं मी दुसरं काय करतो गं? दुकानात असली माणसं महिन्याला दोन येतात आणि मी त्यांना काउंटरशी यायच्या आत ओळखतो. त्याला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, म्हणून चालतो छान, पण जिथे बघायला जावं तिथेच नेमकं पुसलेलं. माझ्या दुकानातला कुठलाही नंबर त्याला उपयोगाचा नाही. तो माझी नजर चुकवत नव्हता, मला बघायचा प्रयत्न करत होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, आधी आनंद झाला. उंची, आवाज, केस, सगळ्यावर माझ्याकडे आता एक हुकमी पत्ता होता.

तुला हे माहीत होतं ना? माहीत असणारच. उत्तर नको. आणि मी कुणाला काही बोललेलो नाही. अजून तरी.

तुझा,
नवरा


सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रिय,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्याने आणून दिलं तो तुझ्यासमोर उभा आहे. त्याला आत घे, बसव, पाणी दे आणि मगच पुढे वाच. तो जिना चढताना लेकीने हात धरला नसेल तर तिला माझ्या वतीने एक टपली दे.

मी बोललो.

शनिवारी संध्याकाळी, सगळे जेवायला बसले होते. फळ्यावर आमच्या वाटेचा आकडा आणखी घसरला होता. कंडक्टर कुणाचं वाईट चिंतणारा नाही, पण जिभेला हाड नाही. म्हणाला, "दुर्बीण असती तर जुळलं असतं. तिचं नवऱ्यापेक्षा रेडिओशीच जास्त जमतं!" सगळे हसले. तोही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जमतं कसलं! या गृहस्थांना समोरचं ताट दिसत नाही."

बाईंनी विचारलं, "म्हणजे?"

तिथे थांबता आलं असतं. थांबलो नाही. दुकानात करतो तसा हात त्याच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "किती बोटं?" म्हाताऱ्या माणसाला, भरल्या पानावर, सगळ्यांदेखत. त्याने चमचा खाली ठेवला. "बोटं नाही सांगता येणार," म्हणाला, "पण तुम्ही फार रागावलायत, एवढं कळतंय."

कुणी हसलं नाही. बाई उठल्या आणि फाइल घेऊन आल्या. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसलो. मला फक्त त्याला खाली बघायला लावायचं होतं, आणि ओढून बाहेर काढली होती तुला. कारण त्याला दिसत नाही, तर तीन वर्षं त्याच्या कागदावर लिहिलेलं कुणाला दिसलं होतं? बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्हींवर तुझा 'ळ'. "सत्त्याण्णव," त्या हळूच म्हणाल्या. त्या आकड्याखाली त्यांनीच रेघ मारली होती. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मग तो बोलला. "चूक माझी आहे. त्या पुढे चालायच्या. गुडघा दुखतो म्हणून काठी टेकायच्या. बकरी दिसली की माणूस थबकतो, काठी दोनदा वाजते. मी ती काठी ऐकून लिहायचो. त्यांना याची कल्पना नव्हती. माझ्या अक्षराची त्यांना दया आली, म्हणून कागद उतरवून दिले. बाकी त्यांचा काही संबंध नाही."

इतक्या सहज म्हणाला की मीसुद्धा क्षणभर विश्वास ठेवला. मग दारामागची ती काठी आठवली. ती बॅगेत घालताना तू म्हणाली होतीस, "बकरी दिसली की टेकत जा, तोल राहतो." तोल! म्हणजे तू वाजवत होतीस, एक बकरी, एक ठोका. तो तिथे बसून नजर नसलेल्या चेहऱ्याने धडधडीत खोटं बोलत होता, तुझ्यासाठी, आणि तुझ्या नवऱ्यापुढे.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तिचा गुडघा दुखतो?"

तुझा गुडघा! परवापरवापर्यंत टाकीवर चढून पाणी बघायचीस तू.

म्हटलं, "हो. फार वर्षांपासून. पावसाळ्यात तर उठवत नाही."

तुझी वाट जाऊ नये म्हणून म्हटलं, असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, आणि अर्धं खरंही आहे. पण उरलेलं अर्धं असं की तो तुझ्यासाठी खोटं बोलत असताना मी तिथे खरं बोलत उभा राहिलो असतो, तर जिंकला तोच असता. तेवढं मला सहन झालं नसतं. आठवडाभरात त्याचा आणि माझा कागद जुळला तो तेवढा एकदाच.

बाईंनी त्याचे तीन वर्षांचे कागद बाद केले. तुझे ठेवले. एकटीच्या नोंदीवरून तो अंदाज निघत नाही, पण वाट चालली गेली हे तरी राहिलं. यंदाची मोजणी मी आणि थोरली नर्स पुरी करतोय. त्याला मात्र जायला सांगितलं, चांगल्या शब्दांत, पण सांगितलं. खरं काय ते बाईंना कळवायचं की नाही, हे तूच ठरव. कळवलंस तर तुझी वाट जाईल, कदाचित कायमची. नाही कळवलंस तर चूक त्याच्या नावावर राहील. मी तुला काही सुचवणार नाही. या बाबतीत सुचवायचा हक्क मी शनिवारी ताटावर घालवलाय.

काल त्याची बॅग भरायला मदत केली. माफी मागितली. "उशीरच केलात," म्हणाला, "मला वाटलं होतं तुम्ही पहिल्याच दिवशी बोलाल." मी विचारलं, दिसत नाही तर दरवर्षी यायचात कशाला? म्हणाला, घरी दिसत नाही म्हणून सगळे बसवून ठेवतात. इथे दिसत नाही हे फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तिने बसवून ठेवलं नाही. पहिल्याच वर्षी दुसऱ्या दिवशी तू ओळखलंस म्हणे. नंबर न लावता, डोळ्यात बॅटरी न मारता. मला तीस वर्षांच्या धंद्यानंतर तीन दिवस लागले, आणि तेही जळत होतो म्हणून.

मी त्याला आपल्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिलीये. आहे तेवढं तरी टिकतं का ते बघतील. लेकीला त्याच्याबरोबर जायला सांग. दोन दिवस माझ्या खोलीत झोपू दे. कपाटातली निळी चादर दे, नवी नको.

बॅग भरून झाल्यावर त्याने मला एक विचारलं. संकोचून, मान वळवून, माझ्या कानाकडे बघत. "त्या दिसतात कशा?"

तीन वर्षं, गं. त्याने तुझा चेहरा बघितलेलाच नाही. आणि मी वेड्यासारखा त्या चेहऱ्यावरून जळत होतो.

म्हटलं, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर एकसष्ट मिलिमीटर. डावा कान उजव्यापेक्षा वर, त्यामुळे कुठलीही फ्रेम तिरकी बसते. नाकाचं हाड बारीक. तो हसला. "हे नको. हसताना कशा दिसतात ते सांगा. आवाज माहीत आहे मला."

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. बावीस वर्षं घरात आहेस. तू हसतेस ते मला शेजारच्या खोलीतून ऐकू येतं, त्याला पन्नास पावलांवरून ऐकू यायचं तसंच. फरक एवढाच की मला उठून बघता आलं असतं.

त्याला म्हटलं, घरी गेल्यावर नीट बघतो आणि कळवतो.

मी शुक्रवारी पोचेन. तोवर चीड, रड, माझ्या नावाने बोटं मोड, त्याच्यासमोर हवं ते कर. तो तुझ्याशी बोलेल, तू त्याच्याशी बोल, मी दात आवळून इथे बकऱ्या मोजतो. फक्त एक मागणं आहे, आणि ते हेव्यापोटीच आहे, लपवत नाही. हे सगळं वाचून तुला कुठे हसू आलं, तर आवर. शुक्रवारपर्यंत हसू नकोस.

तुझा,
उठून बघायला येत असलेला
नवरा